परक्या सैन्याचा हात धरलेल्या भाषानेत्याचा अभ्यास कसा करायचा: ऑगस्ट बोर्म्स आणि जेकॉर्डचे पत्ते

सोलापुरात आमच्या पूर्व भागात आम्ही दहा-बारा जण महिन्यातून एका रविवारी बसतो, त्यात यंत्रमागवाले आहेत, दोन शिक्षिका आहेत, एक रिटायर्ड पोस्टमन काका आहेत, तीन-चार एमपीएससीची पोरं आहेत, आणि एक विषय घेऊन दीड-दोन तास बोलतो. कुणाच्या घरात तेलुगू, कुणाच्या घरात कन्नड, कुणाच्या घरात दखनी, आणि सगळे जमलो की मराठी. त्यामुळं भाषेच्या भांडणाचा विषय निघाला की तो प्रत्येकाला घरचाच वाटतो. मध्यंतरी आम्ही बेल्जियमच्या ऑगस्ट बोर्म्सवर बसलो आणि दोनदा बसलो, कारण पहिल्यांदा ते फसलं. दुसऱ्यांदा कसं जमलं ते सविस्तर लिहितोय, कारण ज्याचं दुखणं खरं होतं पण ज्यानं त्यावर उपाय म्हणून देश व्यापणाऱ्या सैन्याचा हात धरला असा माणूस अभ्यासाला घेणं लई अवघड असतं, शाळेत घ्या, वाचनालयात घ्या, नाहीतर घरी चार जणांत घ्या, तयारी लागतेच.

आधी माणूस कोण ते थोडक्यात. बेल्जियमच्या उत्तरेकडचा भाग फ्लँडर्स, तिथले लोक फ्लेमिश, त्यांची भाषा डच. दक्षिणेत वालोनिया, तिथं फ्रेंच. बोर्म्सचा जन्म १८७८ चा, सिंट-निकलास गावचा, लूवेनला शिकला, पेशानं शिक्षक, तरुणपणी काही वर्षं थेट पेरू देशात जाऊन शिकवून आला, मग अँटवर्पला मास्तर. भाषेच्या चळवळीतला गाजलेला वक्ता. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी बेल्जियम व्यापलं तेव्हा त्यांच्याशी हातमिळवणी केली, त्यासाठी १९१९ मध्ये मृत्युदंडाची शिक्षा झाली, ती जन्मठेपेवर आली, दहा वर्षं आत काढली. आणि बाहेर आल्यावर दुसऱ्या महायुद्धात परत तेच. १२ एप्रिल १९४६ ला ब्रसेल्सजवळ एटरबेकला त्याला गोळ्या घातल्या, ६८ वा वाढदिवस दोन दिवसांवर होता.

आता पहिल्यांदा आमचं काय चुकलं ते सांगतो म्हणजे तुम्ही ते करणार नाही. आम्ही सुरुवातच शेवटापासून केली, म्हणजे मृत्युदंडापासून. झालं, दहा मिनिटांत खोलीत दोन पार्ट्या, एक म्हणाली गद्दार, दुसरी म्हणाली हुतात्मा, आणि एक शिक्षिका तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "पण त्याचं काय चुकलं ओ, आपली भाषा कुणी ऐकूनच घेईना तर माणसानं जायचं कुठं?" त्यांचा प्रश्न बरोबर होता पण उत्तर द्यायला आमच्याकडं काही मांडलेलंच नव्हतं, नुसता शेवट होता. तेव्हा पहिला नियम हा की शिक्षा, फाशी, स्मारक हे सगळं शेवटच्या पंधरा मिनिटांत आणा, त्याच्या आधी अजिबात नाही.

मग मांडायचं कसं. आमच्याकडं चादरीच्या कारखान्यातून जेकॉर्डचे जुने पत्ते मिळतात, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्या, एकापुढं एक दोरीनं ओवलेल्या, ज्यांच्यावरून चादरीतली नक्षी उठते. डिझाइन बदललं की जुनी माळ अडगळीत पडते. आम्ही तसले वीसेक पत्ते आणले आणि एकेका पत्त्यावर एकेक साल लिहिलं, तुमच्याकडं ते नसतील तर जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापा, चालतंय. पण एक करा, प्रत्येक पत्त्यावर तीन ओळी ठेवा. वर निळ्या शाईनं त्या साली आपल्या माणसानं काय केलं. मध्ये लाल शाईनं त्याच साली, जमलं तर त्याच महिन्यात, व्यापणारं सैन्य तिथल्या लोकांचं काय करत होतं. आणि खाली हिरव्या शाईनं, तेच दुखणं असलेली बाकीची माणसं त्या वेळी कुठं होती. सगळा अभ्यास या तीन ओळींत आहे असं माझं मत झालंय. कारण असल्या नेत्यांचे भक्त नुसती निळी ओळ सांगतात, विरोधक नुसती लाल, आणि हिरवी ओळ दोघंही विसरतात.

पहिले तीन-चार पत्ते मात्र माणसाच्या आधीचे करा, नुसत्या दुखण्याचे. इथं घाई करू नका, यात अर्धा तास गेला तरी चालेल. बेल्जियम १८३० मध्ये स्वतंत्र झालं तेव्हा कोर्ट, फौज, सरकार, विद्यापीठ सगळं फ्रेंचमध्ये, आणि देशात डच बोलणारे जास्त. १८६० मध्ये कुके आणि गुथाल्स नावाच्या दोन फ्लेमिश मजुरांचा खुनाच्या आरोपाखाली शार्लरुआला शिरच्छेद झाला, खटला चालला फ्रेंचमध्ये. कायद्याची डच प्रत फ्रेंच प्रतीच्या बरोबरीची मानायला १८९८ उजाडलं. आणि फ्लँडर्सच्या मधोमध असलेल्या गेंटच्या विद्यापीठात डचमधून शिकता येत नव्हतं. हे वाचून दाखवताना आपल्या घरचं एखादं उदाहरण ठेवा, नाहीतर लोकांना ते लांबचं वाटतं.

मी माझ्या नानम्माचं, म्हणजे आजीचं, सांगितलं. विड्या वळून तिनं घर चालवलं, तेलुगू सोडून तिला फक्त बाजारापुरती मराठी येते. कशाच्या तरी दाखल्यासाठी मी तिला एका ऑफिसात घेऊन गेलो होतो, मी आठवी-नववीत असेन. खिडकीपाशी ती तिच्या पद्धतीनं बोलली, आतला माणूस मोठ्यानं म्हणाला, आधी बोलायला शिका मग या, आणि मागची रांग हसली. नानम्मानं कागदाची चार घड्या घालून घडी केली, तंबाखूचा वास असलेल्या तिच्या पिशवीत ठेवली, पिशवीची गाठ मारली, आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. त्यानंतर ती कुठल्याच खिडकीपाशी स्वतः गेली नाही, कायम मला पुढं करायची. हे मी सांगितल्यावर खोलीत पाच जणांनी स्वतःच्या घरचं असंच काहीतरी सांगितलं, आणि मग बोर्म्स कुठून आला हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. दुखणं खरं होतं, हे पूर्ण मनानं मान्य करा. ते मान्य न करता पुढं गेलात तर तुमच्यातलाच कुणीतरी मनातल्या मनात त्या नेत्याच्या बाजूला जाऊन बसेल.

आता ऑक्टोबर १९१६ चा पत्ता. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच, जमलं तर यावर वीस मिनिटं थांबा. जर्मन गव्हर्नर जनरल फॉन बिसिंगनं फ्लेमिश लोकांना जवळ करायचं धोरण आखलेलं होतं, उद्देश साधा होता, बेल्जियमचे दोन तुकडे केले की ताब्यात ठेवायला सोपं. त्यानं गेंटचं विद्यापीठ डचमध्ये सुरू करून दिलं, ऑक्टोबर १९१६. बोर्म्ससारख्यांना वाटलं आयुष्याचं काम झालं. आता त्याच पत्त्यावरची लाल ओळ वाचा. त्याच ऑक्टोबरात जर्मनांनी बेल्जियन मजुरांना पकडून सक्तीच्या कामाला न्यायला सुरुवात केली, पुढच्या काही महिन्यांत सुमारे १,२०,००० माणसं, काही जर्मनीत, काही आघाडीच्या मागं. त्यात फ्लेमिश मजूर होतेच. म्हणजे एका हातानं तुमच्या भाषेचं विद्यापीठ आणि दुसऱ्या हातानं तुमच्याच भाषेतला बाप आगगाडीत कोंबलेला. आमच्यातले एक यंत्रमागवाले काका, एरवी काही बोलत नाहीत, ते पत्ता हातात घेऊन म्हणाले, "शिकायला जायचं ते पोरगं कुणाचं होतं आणि गाडीत घातला तो कुणाचा बाप होता, हे बघायला पाहिजे की." मला त्यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं.

त्याच्या पुढचे पत्ते भराभर घ्या. १९१७, ब्रसेल्समध्ये फ्लँडर्सची परिषद स्थापन झाली, निवडणूक नाही काही नाही, बोर्म्स त्यातला पुढारी, तिचं शिष्टमंडळ बर्लिनला जाऊन आलं, आणि लगेच जर्मनांनी कारभाराचे दोन भाग केले. डिसेंबर १९१७ मध्ये परिषदेनं फ्लँडर्सची स्वायत्तता जाहीर केली. फेब्रुवारी १९१८ मध्ये बेल्जियन न्यायाधीशांनी बोर्म्सला अटक करायला लावली, व्यापलेल्या देशात एवढं धाडस केलं, तर जर्मनांनी बोर्म्सला सोडवलं आणि उलट न्यायाधीशांवरच कारवाई केली, मग देशभरातल्या न्यायालयांनी काम बंद केलं. हा पत्ता लोकांना आवडतो कारण त्यात कोण कुणाच्या जिवावर उभं होतं ते एका घटनेत दिसतं.

हिरव्या ओळीसाठी नावं शोधायचं काम मात्र आधी करून ठेवा, तिथंच आळस होतो. इथं तीन माणसं हमखास घ्या: फ्रान्स वान कावेलार्ट, लुई फ्रांक आणि कामिय हाउस्मान्स. एक कॅथलिक पक्षाचा, एक लिबरल, एक समाजवादी. युद्धाच्या आधी गेंटला डच विद्यापीठ व्हावं म्हणून तिघं एकाच व्यासपीठावर येऊन गावोगाव सभा घ्यायचे, लोक त्यांना आरवणारे तीन कोंबडे म्हणायचे. मागणी बोर्म्सचीच. पण जर्मन हातून आलेलं विद्यापीठ वान कावेलार्टनं नाकारलं, म्हणाला हे आम्ही आमच्या संसदेतून घेऊ. आणि घेतलं. जर्मनांचं विद्यापीठ १९१८ मध्ये त्यांच्याबरोबरच गेलं, आणि १९३० मध्ये बेल्जियमच्या संसदेनं कायदा करून गेंट डच केलं ते आजतागायत डच आहे. १९३२ मध्ये शाळा आणि सरकारी कामकाजाचे भाषाकायदे आले, १९३५ मध्ये कोर्टाचा. ज्यांना वाटतं की दुसरा रस्ताच नव्हता, त्यांच्यापुढं वाद न घालता हे पत्ते नुसते ओळीनं ठेवा.

पण प्रामाणिकपणा असा पाहिजे की बोर्म्सच्या बाजूनं जातो तो पत्ताही तितकाच मोठा करायचा, आणि तो म्हणजे ९ डिसेंबर १९२८. अँटवर्पला पोटनिवडणूक लागली, बोर्म्स तुरुंगात, त्याला निवडून यायचाही अधिकार नाही, तरी त्याला उभं केलं. कॅथलिक आणि समाजवादी पक्षांनी उमेदवारच दिला नाही, समोर एक लिबरल. बोर्म्सला ८३,००० च्या वर मतं, लिबरलला त्याच्या जवळपास निम्मी. सीट मिळाली नाही पण देश हादरला, पुढच्या महिन्यात त्याला सोडलं, आणि भाषाकायद्यांना जो वेग आला त्यात या मतपेट्यांचा वाटा मोठा आहे. ही मतं देणाऱ्यांना गद्दार म्हणू नका, दहा वर्षं झाली तरी भाषेचा प्रश्न सुटला नाही याचा तो राग होता. (९ डिसेंबर ही तारीख सोलापूरकरांना वेगळ्या कारणानं माहीत असते, आपल्या गावच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा चीनमध्ये मृत्यू झाला तो ९ डिसेंबर १९४२, देश व्यापणाऱ्या जपानी फौजेशी लढणाऱ्यांची शुश्रूषा करता करता. आमच्या पोस्टमन काकांनी ते तिथल्या तिथं हिरव्या शाईनं १९४२ च्या पत्त्यावर लिहिलं, आणि मला ते योग्य वाटलं.)

या पत्त्यापाशी लोकांना थांबवून एकच विचारा, की ज्या माणसाला तुरुंगात बसून ८३,००० मतं पडतात त्याच्याकडं १९४० मध्ये मतपेटीचा रस्ता होता की नव्हता? उत्तर तुम्ही देऊ नका. चहा सांगा, आणि लोकांना बोलू द्या.

दुसरं महायुद्ध. २८ मे १९४० ला बेल्जियम शरण गेलं. हिटलरनं परत तोच डाव टाकला, फ्लेमिश युद्धकैद्यांना बऱ्याच प्रमाणात घरी सोडलं आणि वालोनियाच्या हजारोंना वर्षानुवर्षं अडकवून ठेवलं. पहिल्या युद्धानंतर ज्या हातमिळवणीवाल्यांना शिक्षा झाल्या होत्या त्यांना नुकसानभरपाई द्यायला जर्मनांनी एक आयोग नेमला, त्याचा प्रमुख बोर्म्स, लोक त्याला बोर्म्स आयोगच म्हणायचे. पूर्वेच्या आघाडीवर जर्मनांसाठी लढायला फ्लेमिश पोरांची भरती चालली होती तिच्यामागं त्यानं आपलं नाव आणि पांढरी दाढी उभी केली. लक्षात घ्या, या वेळी त्याचं वय साठीच्या पुढं, मोठी सत्ता त्याच्याकडं नव्हती, ती स्टाफ दे क्लेर्कच्या व्हीएनव्ही या फ्लेमिश राष्ट्रवादी पक्षाकडं होती, त्या दे क्लेर्कनं नोव्हेंबर १९४० मध्ये जाहीर सभेत हिटलरवर पूर्ण विश्वास असल्याचं सांगून टाकलं होतं. बोर्म्सकडं होती ती प्रतिष्ठा, आणि त्यानं ती दिली. शिक्षकांनी हा मुद्दा जरूर घ्यावा, नाव उसनं देणं ही पण कृती असते.

आणि लाल ओळ. १९४२ ते १९४४ या काळात मेखेलनच्या दोसिन बराकीतून २५,००० हून जास्त ज्यू आणि रोमा (जिप्सी) माणसं गाड्यांत भरून, बहुतेक आउश्वित्सच्या मृत्युछावणीत, पाठवली. मेखेलन फ्लँडर्समध्येच आहे, अँटवर्पपासून जवळ. अँटवर्पमध्ये ऑगस्ट १९४२ च्या रात्री ज्यूंची धरपकड झाली त्यात शहराचे पोलीस वापरले गेले. हा पत्ता कुणीतरी हळू आवाजात वाचावा आणि वाचून झाल्यावर लगेच पुढं जाऊ नये.

इथपर्यंत आलात की खोलीतून एक प्रश्न येणार, शंभर टक्के येणार: मग नेताजींचं काय? तो टाळू नका, आणि एका वाक्यात उडवूनही लावू नका. आम्ही दोन कोरे पत्ते घेतले आणि तेच तीन ओळींचं माप लावलं. भारत परक्यांच्या राज्याखाली होता, सरकार बदलायला मत नव्हतं, बोर्म्सचं तसं नव्हतं, त्याचा देश स्वतंत्र होता, तिथं संसद होती आणि त्याच्या बाजूनं मतं पडत होती. हा फरक छोटा नाही, माझ्या मते सगळा फरक तिथंच आहे. पण लाल ओळ आम्ही तिथंही लिहिली, कारण माप एकच पाहिजे: अंदमान नावाला आझाद हिंद सरकारला मिळालं, प्रत्यक्ष ताबा जपान्यांचा राहिला, आणि तिथल्या लोकांचे, भारतीयांचेच, अतोनात हाल झाले. हे लिहिल्यानं नेताजींबद्दलचं माझं प्रेम कमी झालं नाही. आमच्यातले दोघं मात्र त्या दिवशी नाराज होऊन गेले आणि पुढच्या रविवारी परत आले, तेव्हा घाबरू नका.

शब्दांचं एक सांगायचं राहिलं. मराठीत फितुरी म्हणलं की आपल्या डोक्यात लगेच किल्ला, दरवाजा, रात्र आणि पैशाची थैली येते. बोर्म्सनं पैशासाठी काही केल्याचं कुणी म्हणत नाही, सुटकेसाठी राजकारण सोडायची अट होती तीही त्यानं मानली नव्हती. म्हणून आम्ही पत्त्यांवर फितुरी हा शब्द न वापरता हातमिळवणी लिहिलं, आणि शेवटी ज्याला जो शब्द वाटेल तो त्यानं कारणासकट म्हणावा असं ठरवलं. तिकडंही शब्दांवरून बाजू कळते. हातमिळवणीवाल्यांना काळे आणि प्रतिकार करणाऱ्यांना पांढरे म्हणतात, आणि युद्धानंतरच्या खटल्यांना एक बाजू न्याय म्हणते, दुसरी बाजू दडपशाही म्हणते. वाचताना लेखक कुठला शब्द वापरतोय ते आधी बघा, अर्धा लेख तिथंच कळतो.

तसंच आकडे. फ्लेमिश चळवळीत वर्षानुवर्षं सांगितलं गेलं की पहिल्या युद्धात मेलेल्या बेल्जियन सैनिकांत ८० टक्के फ्लेमिश होते आणि फ्रेंच हुकूम न कळल्यानं मेले. अभ्यासकांनी मोजलं तेव्हा प्रमाण ६५ ते ७० टक्क्यांच्या आसपास आलं, म्हणजे लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्तच, अन्याय होताच, पण ८० नव्हे. दुखणं खरं असलं की लोक त्याला वाढवून सांगतात, आणि मग कुणी वाढवलेला भाग खोडला की खऱ्या भागावरचाही विश्वास उडतो. त्यामुळं आपल्या बाजूचा आकडा दुप्पट तपासा. आपल्या सीमावादाच्या गप्पांत अक्कलकोट, दक्षिण सोलापूरची नावं निघतात तेव्हाही हाच नियम मी आता पाळतो.

शेवटची पंधरा मिनिटं शिक्षेची. युद्धानंतर बेल्जियमनं चार लाखांवर फायली उघडल्या, २४२ जणांना प्रत्यक्ष मृत्युदंड दिला, त्यातला एक बोर्म्स. त्याच्या महिनाभर आधी, मार्च १९४६ मध्ये, डिक्समूइडेचा ऐझर मनोरा, पहिल्या युद्धात पडलेल्या फ्लेमिश सैनिकांचं स्मारक, रात्रीत कुणीतरी स्फोटानं पाडला, आणि पुढं तिथंच त्याहून उंच नवा उभा राहिला. मृत्युदंड द्यायला हवा होता का, यावर आमच्यात एकमत झालं नाही. माझं स्वतःचं म्हणणं असं की तुरुंगात ठेवायला पाहिजे होता, गोळ्या घातल्या आणि काहींच्या नजरेत तो हुतात्मा झाला, पण पोस्टमन काका म्हणाले की मेखेलनच्या गाडीतल्यांच्या नातेवाइकाला विचार आधी. मी ते लिहून घेतलंय.

बसायच्या व्यवस्थेबद्दल दोन गोष्टी. बैठकीच्या आधी आम्ही चार हुतात्मा चौकात भेटलो आणि तिथून चालत आलो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेली आपल्या गावची चार माणसं, चार नावं ओळीनं वाचली की त्यात गावातल्या किती बोली आल्या ते ऐकू येतं. पोरांना विषयात शिरायला तो रस्ता उपयोगी पडला. आणि खुर्च्या गोल मांडा, पत्ते मध्ये सतरंजीवर ओळीनं, म्हणजे कुणालाही उठून हातात घेता येतात. म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या भाषेत बोलू द्या, शेजारच्यानं मराठीत सांगायचं. आमच्याकडं नानम्मा दाराशी बसून सगळं ऐकत होती, ऑक्टोबर १९१६ चा पत्ता तिनं मागून घेतला, भोकांवरून बोट फिरवलं, आणि तेलुगूत विचारलं की गाडीतून नेलेले ते लोक परत आले का. बरेच आले, खंगून आले, काही तिकडंच मेले, एवढं मी तिला तेलुगूत सांगितलं आणि बाकीच्यांसाठी मराठीत.